अमेरिकेतल्या सरकारी शाळा चर्चने उभ्या केल्या का?

गोदाकाठ
आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर परवा एक लांबलचक फॉरवर्ड आला. थोडक्यात असं, की अमेरिकेतल्या पब्लिक स्कूल मुळात चर्चच्याच, बायबल हेच क्रमिक पुस्तक, आणि १९६२ साली सुप्रीम कोर्टाने देवाला वर्गाबाहेर काढलं तेव्हापासून सगळा बट्ट्याबोळ. त्यावर दुसऱ्याने लगेच उलटं टोक गाठलं: अमेरिकेची घटना धर्मनिरपेक्ष, शाळांचा चर्चशी कधीच संबंध नव्हता, हा सगळा अलीकडचा बनाव. दोघंही ठाम. दोघांनीही पुस्तक उघडलेलं नाही हे उघड दिसत होतं.

मी शिक्षणाचा इतिहास शिकवते, पण आपल्याकडचा. अमेरिकेबद्दलचं माझं वाचन तुटपुंजं आहे. तिकडे राहणारे आणि या विषयात मुरलेले इथे बरेच आहेत म्हणून विचारते. सतराव्या शतकापासून साधारण १९०० पर्यंत या शाळांमध्ये ख्रिस्ती धर्माचा हात नेमका कुठे होता? पैसा चर्चचा होता का? मास्तर? पुस्तकं? आणि धर्म बाहेर गेला असेल तर तो घालवला कोणी?

आजचं राजकारण शक्यतो नको. त्यासाठी वेगळा धागा काढा.

टवाळ_टोणगा
"आजचं राजकारण नको" असं लिहिलेल्या धाग्यांचं काय होतं ते ठाऊक आहे. पुढची रांग धरून बसलो आहे.

काळा_फळा
फॉरवर्ड अर्धा खरा आहे, म्हणून तर इतका फिरतो.

मॅसॅच्युसेट्स वसाहतीचा १६४७ चा कायदा बघा. ५० घरांच्या गावाने मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारा माणूस नेमायचा. १०० घरांच्या गावाने ग्रामर स्कूल काढायची, म्हणजे पोरं लॅटिन शिकून हार्वर्डला जाण्याजोगी होतील. नाही काढली तर पाच पौंड दंड, तोही शेजारच्या शाळेला. आणि या कायद्याच्या प्रस्तावनेत आरोपी कोण, तर साक्षात सैतान. लोकांना धर्मग्रंथ कळू द्यायचे नाहीत हा त्या जुन्या ठकाचा डाव आहे, सबब शाळा काढा, असा एकूण सूर. इतिहासात तो 'ओल्ड डिल्यूडर सेटन' कायदा म्हणूनच ओळखला जातो.

यामागचं कारण साधं होतं. हे लोक प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट. पाद्र्याने सांगितलं आणि आपण मान डोलावली, हे त्यांना चालायचं नाही. प्रत्येकाने बायबल स्वतः वाचलं पाहिजे. मग प्रत्येकाला वाचता यायला नको का? १६४२ सालीच त्यांनी आईबापांवर, आणि ज्यांच्याकडे पोरं काम शिकायला असत त्या मालकांवर, मुलांना वाचायला शिकवायची सक्ती केली होती. धर्माची तत्त्वं आणि वसाहतीचे देहदंडाचे कायदे, दोन्ही समजायला हवेत म्हणून.

आता पैशाचं. मास्तर गाव नेमणार. पगार पालकांनी द्यायचा की गावाने वर्गणी करून, तेही गावच ठरवणार. म्हणजे हेतू पूर्ण धार्मिक, पण चर्चची संस्था शाळा चालवत नव्हती. अर्थात गावसभेत बसणारी माणसं आणि रविवारी चर्चच्या बाकावर बसणारी माणसं तीच होती, त्यामुळे त्यांना स्वतःला हा भेद कितपत जाणवत असेल, देव जाणे.

मेघा_प
वाचनखूण साठवली.

इथल्या एका छोट्या म्युझियममध्ये मी त्या काळचं 'हॉर्नबुक' पाहिलंय. पुस्तक कसलं, मुठीची लाकडी फळी. त्यावर एकच छापील कागद चिकटवलेला आणि वर जनावराच्या शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा ठोकलेला, म्हणजे पोरांच्या हाताने कागद मळू नये. कागदावर सगळ्यात वर क्रूस, मग मुळाक्षरं, मग जोडाक्षरांसारख्या ए-बी, ई-बी अशा ओळी, आणि खाली 'आमच्या स्वर्गातील पित्या' ही प्रार्थना. बस्स, एवढाच अभ्यासक्रम! मुठीला भोक होतं, दोरी ओवून कमरेला अडकवायला.

त्यानंतरची पायरी म्हणजे 'न्यू इंग्लंड प्रायमर'. १६९० च्या सुमारास बॉस्टनमध्ये बेंजामिन हॅरिस नावाच्या छापखानेवाल्याने काढलं, आणि पुढची शंभर वर्षं तरी घरोघरी तेच. त्यात 'ए' ॲपलचा नाहीच, 'ए' ॲडमचा: त्याने पाप केलं म्हणून आपण सगळे पापी. सोबत लाकडी ठशाचं चित्र. पुढे एका हुतात्म्याला खांबाला बांधून जाळतानाचं चित्र, बाजूला त्याची बायको आणि पोरं उभी. पाच वर्षांच्या मुलाच्या हातात हे!

तिरकस_तात्या
आमचा 'ग' गणपतीचा, त्यांचा 'ए' ॲडमचा. फरक एवढाच, की गणपती निदान मोदक तरी देतो.

परदेशी_पाहुणा
काळा_फळा, माहिती चांगली, पण न्यू इंग्लंड (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासचा ईशान्य कोपरा) म्हणजे अमेरिका नव्हे. हा घोळ सगळेच करतात. व्हर्जिनियाचा गव्हर्नर विल्यम बर्कली याने १६७१ साली लंडनला कळवलं होतं, की आमच्याकडे फुकट शाळाही नाहीत आणि छापखानेही नाहीत, देवाची कृपा. शिक्षणाने माणसं आज्ञा मोडायला शिकतात असं त्याचं मत. तोही ख्रिस्ती, चर्च ऑफ इंग्लंडचा! म्हणजे ख्रिस्ती होते म्हणून शाळा निघाल्या, हे इतकं सरळ नाही. प्युरिटन पंथाच्या ख्रिस्त्यांनी काढल्या, दक्षिणेतल्या जमीनदार ख्रिस्त्यांना गरज वाटली नाही.

पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्ककडे आणखी तिसराच प्रकार. डच, जर्मन लुथरन, क्वेकर, प्रत्येकाची आपापल्या चर्चची शाळा. आणि १७८७ च्या राज्यघटनेत शिक्षण हा शब्दच नाही, सगळं राज्यांवर सोडलेलं. त्यामुळे 'अमेरिकेच्या शाळा चर्चने काढल्या का' याचं उत्तर राज्यागणिक वेगळं येणार.

पाटी_पेन्सिल
राज्यघटनेत नसलं तरी त्याच वर्षीच्या नॉर्थवेस्ट ऑर्डिनन्समध्ये आहे. ओहायो नदीच्या वरचा प्रदेश वसवायचा कायदा. त्यात लिहिलंय, की धर्म, नीती आणि ज्ञान हे चांगल्या शासनाला आवश्यक आहेत, म्हणून शाळांना कायम उत्तेजन द्यावं. तिन्ही एका दमात. त्याच्या दोन वर्षं आधीच्या जमीनमोजणीच्या कायद्यात प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे मोजून आखलेल्या चौकोनी गटाचे, ३६ तुकडे पाडायचे आणि सोळाव्या क्रमांकाचा तुकडा शाळेसाठी राखायचा असं ठरलं. एक तुकडा एक चौरस मैलाचा. चर्चसाठीही असाच तुकडा राखायचा प्रस्ताव मसुद्यात होता, तो गाळला गेला. माझ्या मते गोदाकाठ यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या गाळलेल्या तुकड्यात आहे.

गोदाकाठ
पाटी_पेन्सिल, हे भारी आहे! म्हणजे धर्म हवा, पण धर्मखात्याला जमीन नको.

मग हे एकसारखं 'सरकारी शाळा' प्रकरण सुरू कधी झालं? होरेस मॅन हे नाव आमच्या बी.एड.च्या नोट्समध्ये एका ओळीत येतं. 'कॉमन स्कूल चळवळीचे जनक' आणि पुढचा मुद्दा.

काळा_फळा
परदेशी_पाहुणा यांचं म्हणणं रास्त आहे. तरी पुढे जो नमुना देशभर पसरला तो मॅसॅच्युसेट्सचाच, म्हणून तिथेच राहतो.

मॅन हा फ्रँकलिन नावाच्या गावचा. तिथले पाद्री नाथनिएल एमन्स, कट्टर कॅल्व्हिनवादी. मॅन चौदा वर्षांचा असताना त्याचा भाऊ स्टीफन एका रविवारी बुडून मेला. अंत्यविधीच्या प्रवचनात एमन्सनी विषय काय घ्यावा, तर मनःपरिवर्तन न होता मरणाऱ्या तरुणांचं काय होतं. समोर आई बसलेली. मॅनचं त्या पंथाशी नातं तिथेच तुटलं. पुढे तो युनिटेरियन झाला, म्हणजे ख्रिस्तीच, पण नरकाग्नी आणि मूळ पाप वगैरे न मानणारा.

हा माणूस १८३७ ला मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचा पहिला सचिव झाला. काळ लक्षात घ्या. चर्चसाठीचा कर त्या राज्याने १८३३ ला, म्हणजे जेमतेम चार वर्षांपूर्वी, बंद केला होता. एखाद्या पंथाची बाजू घेणारी पुस्तकं शाळेत लावू नयेत असा कायदा १८२७ चा. मॅनने त्यावर तोडगा काढला: सगळ्या ख्रिस्ती पंथांना मान्य होईल तेवढाच धर्म शाळेत, आणि बायबल वाचायचं ते कुठलंही भाष्य न करता. बायबल स्वतःच काय ते बोलेल.

यावर त्याला शिव्या कोणी घातल्या? कट्टर प्रोटेस्टंटांनी. संडे स्कूल युनियनचे फ्रेडरिक पॅकार्ड आपली पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयात लावायला सांगत होते, मॅनने नकार दिला. मग वर्तमानपत्रांतून टीका, १८४६ ला मॅथ्यू हेल स्मिथ नावाच्या पाद्र्याची जाहीर आरोपबाजी, की हा माणूस शाळा देवहीन करतोय. देवाला शाळेतून काढल्याची ओरड १९६२ च्या शंभरएक वर्षं आधीच झाली होती, तीसुद्धा रोज बायबल वाचणाऱ्या शाळांबद्दल!

स्पष्टवक्ता
मला तर यात गुंतागुंतीचं काही दिसत नाही. मिशनऱ्यांनी आपल्याकडे शाळा कशासाठी काढल्या ते सगळ्यांना माहीत आहे. तिकडेही तेच. शाळा हे निमित्त, धर्मप्रसार हा हेतू.

भिंगारची
स्पष्टवक्ता, मी नगरची, ख्रिस्ती घरातली, आजी मिशनच्या शाळेत शिकलेली, त्यामुळे दोन शब्द. हेतू धर्मप्रसाराचा होता हे मिशनऱ्यांनी कधी लपवलं नाही, त्यांच्या अहवालांत ते उघड लिहिलेलं असतं. पण तुम्ही जोडलेला धागा खरोखरच एक आहे, तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट १८१३ ला मुंबईत उतरले ते बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे. म्हणजे वर काळा_फळा ज्या पंथाबद्दल लिहिताहेत त्याच घरचे. प्रत्येकाला वाचता आलं पाहिजे, बायकांनाही, हे खूळ ते तिकडूनच घेऊन आले. सिंथिया फरार १८२७ च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवल्या. जोतीराव फुल्यांनी त्यांची शाळा नगरला पाहिली आणि १८४८ ला पुण्यात मुलींची शाळा काढली. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. शाळा मात्र घेतली.

आता गंमत. एल्फिन्स्टनने मुंबई इलाख्यात सरकारी शिक्षणात धर्म मिसळायला नकार दिला होता, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही सरकारी शाळांत धर्मशिक्षण नको असंच सांगितलं. म्हणजे त्या काळात पुण्या-मुंबईच्या सरकारी शाळेत बायबलचा तास नव्हता, बॉस्टनच्या सरकारी शाळेत होता.

तिरकस_तात्या
भिंगारची, शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावावा असा आहे.

रिकामटेकडा
+१. फुल्यांच्या शाळेवर वेगळा धागा काढा ना कोणीतरी.

स्पष्टवक्ता
नकार दिला तो बंडाच्या भीतीने. इंग्रज काही धर्मनिरपेक्षतेचे पुतळे नव्हते.

भिंगारची
भीतीनेच. मी कुठे पुतळे म्हटलं?

सदाफुली
गाडी परत अमेरिकेकडे नेते. मी फिलाडेल्फियात राहते. बेन फ्रँकलिन पुलाच्या अगदी पायथ्याशी, फोर्थ स्ट्रीटवर सेंट ऑगस्टीनचं कॅथलिक चर्च आहे. १८४७ चं. १८४७ चं का, तर आधीचं १८४४ साली जाळलं. का जाळलं, तर सरकारी शाळेत कुठलं बायबल वाचायचं यावरून.

घडलं असं. शाळांमध्ये रोज किंग जेम्स बायबल वाचलं जायचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं. आयर्लंडहून आलेल्या कॅथलिकांची मुलं भराभर वाढत होती. बिशप केनरिक यांनी १८४२ ला शाळा मंडळाला पत्र लिहिलं: आमच्या मुलांना आमचं डुए भाषांतर वाचू द्या, आणि तुमच्या प्रार्थनांतून सूट द्या. मंडळाने सूट दिली. त्याचं गावात झालं 'पोपला बायबल बंद करायचंय'. १८४४ च्या मे महिन्यात केन्सिंग्टन भागात सभा, मारामाऱ्या, गोळीबार, घरं आणि दोन चर्चं जाळली. जुलैमध्ये पुन्हा, या वेळी साउथवार्कमध्ये, तोफांसकट. दोन्ही मिळून वीसेक माणसं तरी गेली.

मी त्या चर्चवरून रोज ये-जा करायचे, मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

अनामिक_वाचक
पण भाष्य न करता नुसतं वाचायचं तर कॅथलिकांना त्रास काय होता? दोघांचं पुस्तक एकच ना? उगाच नाजूकपणा वाटतो.

परदेशी_पाहुणा
अनामिक, 'भाष्य न करता' हीच तर प्रोटेस्टंट भूमिका! माणसाने स्वतः वाचावं आणि स्वतः अर्थ लावावा, मध्ये चर्च नको. कॅथलिकांच्या मते अर्थ लावायचा अधिकार चर्चचा. मॅनला प्रामाणिकपणे वाटत होतं की आपण सगळ्यांना सामावणारा मध्यममार्ग काढलाय. ज्याचं वाढप त्याला पंगत सरळच दिसते.

आणि पुस्तकंही एक नव्हती. दहा आज्ञांचंच घ्या. मजकूर साधारण तोच, पण क्रमवारी निराळी. प्रोटेस्टंटांच्या यादीत 'कोरीव मूर्ती करू नकोस' ही स्वतंत्र दुसरी आज्ञा. कॅथलिकांच्या यादीत ती पहिलीतच धरलेली. त्यामुळे वर्गात दुसरी आज्ञा म्हणायला लावणं म्हणजे घरी मेरीची तसबीर असलेल्या पोराला रोज टोमणा मारणं.

हे काल्पनिक नाही. बॉस्टनची एलियट स्कूल, १८५९. टॉमस व्हॉल नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने प्रोटेस्टंट पद्धतीने आज्ञा म्हणायला नकार दिला. दुय्यम मास्तराने त्याच्या हातावर वेताच्या छड्या मारल्या, सुमारे अर्धा तास. बोटं फुटेपर्यंत. मग शेकडो कॅथलिक मुलांनी म्हणायचं नाकारलं, त्यांना शाळेतून घालवलं. मास्तरावर खटला भरला, कोर्टाने त्याला सोडून दिलं. भिंगारची यांनी वर बॉस्टनचं लिहिलंय ना, ते हे असं.

मेघा_प
अर्धा तास!! आज इथे मुलाला नुसतं रागावलं तरी शाळेतून मेल येते.

काळा_फळा
न्यूयॉर्कची गोष्ट राहिली, ती पुस्तकांबद्दल आहे.

तिथे १८०५ पासून एक खासगी सोसायटी गरिबांच्या मुलांसाठी शाळा चालवायची, पुढे तिचं नाव पब्लिक स्कूल सोसायटी. माणसं प्रोटेस्टंट, बरीचशी क्वेकर, भली माणसं. पैसा मात्र सार्वजनिक. १८४० ला बिशप जॉन ह्यूज उभे राहिले: आमच्या करातून या शाळा चालतात, आणि यांच्या पुस्तकांत आमच्याच लोकांना कपटी म्हटलंय, तेव्हा शाळानिधीतला आमचा वाटा आम्हाला द्या. सोसायटीने पुस्तकं चाळली, तर खरंच तसे उतारे. मग त्यांनी काय करावं? त्या ओळींवर शाई फासली, काही पानं एकमेकांना चिकटवून टाकली. डोळ्यांपुढे आणा: वर्गात पन्नास पोरं, प्रत्येकाच्या पुस्तकात त्याच पानावर काळा पट्टा. त्या पट्ट्याखाली काय आहे हे वाचल्याशिवाय कोण पोर राहील? एरवी कोणी तो धडा उघडलाही नसता.

ह्यूजना पैसे मिळाले नाहीतच. १८४२ च्या कायद्याने निवडून दिलेलं शिक्षण मंडळ आलं, आणि कुठल्याही पंथाची शिकवण देणाऱ्या शाळेला निधी नाही असं ठरलं. त्याच सुमारास जमावाने बिशपच्या घरावर दगडफेकही केली. भांडणात कॅथलिकही हरले आणि सोसायटीही. दहाएक वर्षांत सोसायटी नव्या मंडळात विलीन झाली. ह्यूजनी मग स्वतःच्या शाळा काढायचा सपाटा लावला, आणि १८८४ च्या बाल्टिमोर परिषदेत कॅथलिक बिशपांनी प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, शाळा हवीच असं फर्मान काढलं.

उंबरठा
इतका वेळ वाचत होते. सगळे शहरातली भांडणंच सांगताय. पश्चिमेकडे आणि दक्षिणेकडे बघितलं तर चित्र बदलतं.

मिशिगनचे पहिले शिक्षण अधीक्षक जॉन पियर्स, १८३६, हे पाद्री. केंटकीचे रॉबर्ट ब्रेकिनरिज, पाद्री. ओहायोसाठी प्रशियाच्या शाळांचा अहवाल लिहिणारे कॅल्विन स्टो, तेही धर्मशास्त्राचे प्राध्यापक. नव्या वस्तीत लिहिता-वाचता येणारा आणि चार लोकांना एकत्र आणू शकणारा माणूस बहुधा पाद्रीच असायचा. शाळा रविवारी चर्च व्हायची आणि चर्च सोमवारी शाळा. त्यात कारस्थान शोधू नये. कॅथरीन बीचरसारख्या बाईने पूर्वेकडच्या अविवाहित मुलींना शिक्षिका म्हणून पश्चिमेला पाठवायची मोहीम चालवली ती धर्मकार्य म्हणूनच. बायकांना पगारी नोकरीची ही पहिली मोठी वाट होती, हे विसरायला नको.

आणि दक्षिण. यादवी युद्धापूर्वी तिथल्या अनेक राज्यांत गुलामांना वाचायला शिकवणं गुन्हा होता. १८६१ ला व्हर्जिनियात फोर्ट मन्रोजवळ मेरी पीक या कृष्णवर्णीय शिक्षिकेने पळून आलेल्या गुलामांची शाळा सुरू केली, तिच्या पाठीशी अमेरिकन मिशनरी असोसिएशन. युद्धानंतर या संस्थेने दक्षिणेत शेकड्यांनी शाळा चालवल्या. त्यानंतर १८६८ च्या सुमाराच्या नव्या राज्यघटनांत तिथे पहिल्यांदा सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद झाली. ती करायला कृष्णवर्णीय प्रतिनिधी सभागृहात बसले होते. धर्म काढून ही गोष्ट सांगताच येत नाही.

स्पष्टवक्ता
आणि मूळ रहिवाशांच्या शाळा? त्याही पुण्यकार्यात धरायच्या का?

उंबरठा
नाही. तो मुद्दा तुमचा बरोबर. १८१९ च्या कायद्याने केंद्र सरकार वर्षाला दहा हजार डॉलर द्यायचं, इंडियन लोकांना 'सुसंस्कृत' करण्यासाठी, आणि तो पैसा मुख्यतः मिशनरी संस्थांकडे जायचा. चर्च आणि राज्य वेगळं वगैरे तिथे कोणालाच आठवलं नाही. भाषा तोडली, केस कापले, नावं बदलली. पुढे सरकारने स्वतःच्या निवासी शाळा काढल्या, तिथेही तेच. एकच पिढी, एकच पंथ, आणि दोन ठिकाणी दोन रूपं. मी दोन्ही लिहिते.

गोदाकाठ
उंबरठा, फारच उत्तम प्रतिसाद. आता माझा शेवटचा प्रश्न अजून लटकलेला आहे. घालवला कोणी? १९६२?

परदेशी_पाहुणा
बरंच आधी, आणि मुख्यतः धार्मिक लोकांनीच.

सिनसिनाटी, १८६९. शिक्षण मंडळाने ठराव केला की शाळेत बायबलवाचन आणि स्तोत्रगायन बंद. कारण व्यवहारी: कॅथलिक मुलं सरकारी शाळेत यावीत. खटला झाला. खालच्या कोर्टात मंडळ हरलं, एकटे न्यायाधीश अल्फोन्सो टाफ्ट त्या निकालाच्या विरोधात, मंडळाच्या बाजूने गेले (पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टाफ्टचे वडील). ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने १८७२ ला मंडळाची बाजू उचलून धरली. १८९० ला विस्कॉन्सिनमध्ये एजर्टन गावच्या कॅथलिक पालकांनी खटला जिंकला, कोर्ट म्हणालं की सरकारी शाळेत किंग जेम्स वाचणं हे पंथीय शिक्षणच आहे. यातले पालक नास्तिक नव्हते. मुलांना दुसऱ्याचा धर्म शिकवू नका एवढंच म्हणत होते.

आणि उलट बाजूने जेम्स ब्लेन हा रिपब्लिकन नेता. १८७५ ला त्याने घटनादुरुस्ती आणली की पंथीय शाळांना सार्वजनिक पैसा देऊ नये. रोख कॅथलिक शाळांवर. सिनेटमध्ये पडली, पण अनेक राज्यांनी तसं कलम आपापल्या घटनेत घातलं. आज धर्मनिरपेक्षतेचे बुरूज म्हणून दाखवतात त्यातले काही असे प्रोटेस्टंट रागातून बांधलेले आहेत.

काळा_फळा
१९६२ बद्दल एवढंच. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने स्वतः एक छोटीशी प्रार्थना लिहिली होती, सर्वांना चालेल अशी. कोर्ट म्हणालं, प्रार्थना लिहिणं हे सरकारचं काम नव्हे. बायबलवाचनाचा निकाल पुढच्या वर्षीचा, १९६३. पेनसिल्व्हेनियात रोज बायबलची दहा वचनं वाचायचा कायदा होता, त्याविरुद्ध गेलेलं शेम्प कुटुंब. धर्म: युनिटेरियन. मॅनचाच पंथ! त्याने जे सर्वांचं म्हणून शाळेत ठेवलं, ते त्याच्याच पंथातल्या घराने कोर्टात नेलं.

टवाळ_टोणगा
गोदाकाठ, ग्रुपवर काय टाकणार? तिथे दोन ओळींपुढे कोणी वाचत नाही.

गोदाकाठ
काहीच नाही. दोघांनाही हा धागा पाठवणार. वाचला तर वाचला.

पाटी_पेन्सिल
एक मुद्दा कोणीच घेतला नाही: बाजार. मॅकगफी रीडर्स. विल्यम मॅकगफी हा प्रेस्बिटेरियन पाद्री, त्याची वाचनमाला १८३६ पासून सिनसिनाटीच्या प्रकाशकाने काढली, एकूण खप बारा कोटींच्या घरात सांगतात. पहिल्या आवृत्त्यांत देव, मरण, पाप पानोपानी. मॅकगफी १८७३ ला वारला, आणि १८७९ ला प्रकाशकाने त्याच्या नावाने नवी आवृत्ती काढली. दोन्ही जुन्या आवृत्त्या ऑनलाइन फुकट आहेत, मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिल्या. कॅल्व्हिनवादी उपदेश बराचसा गायब, त्याजागी वेळेवर उठा, खरं बोला, दारू पिऊ नका. कोर्टाने सांगितलं नव्हतं, चर्चनेही नाही. गिऱ्हाईक बदललं होतं. कॅथलिक, ज्यू, जर्मन, सगळ्या वस्त्यांतल्या मंडळांना तेच पुस्तक विकायचं होतं.

मेघा_प
पाटी_पेन्सिल, लिंक द्याल का दोन्हीची? मुलीला इतिहासाचा प्रोजेक्ट आहे, 'ए' कधी ॲपलचा झाला ते शोधायला सांगते.

पाटी_पेन्सिल
तुमच्या विचारपूस-पानावर दिली आहे. तिसरा रीडर आधी उघडा, फरक तिथे चटकन दिसतो.